डाव्या मोज्यातला कांदा

३ सप्टेंबर

ताई,

फोन आपटलास तो आपटलास, वर तीन दिवस उचललासही नाहीस. ठीक आहे. आपण फोनवर बोललो की भांडतोच, त्यापेक्षा पत्रं लिहू, असं मागे तूच म्हणाली होतीस. घे, लिहितो. पत्रात निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

शेजारणीच्या त्या तेलाला मी हसलो, म्हणून राग आला ना? अगं, छातीला तेल चोळून दमा जात असता तर मालिशवाल्यांचे बंगले झाले नसते का? असो. चिडू नकोस, पुढे वाच.

बातमी अशी, की तुझ्या भोंग्याला रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला! लहानपणी मी रडायला लागलो की गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची, म्हणून तुम्ही मला भोंगा म्हणायला लागलात. आता त्याच आवाजाचा पगार मिळतो. कार्यक्रमाचं नाव ‘कशावरून?’. दर बुधवारी दुपारी बाराच्या जरा आधी सुरू होतो, अर्धा तास चालतो. खास आईबापांसाठी.

मुलांच्या आजारांवर जो उठतो तो उपाय सांगतो, आणि ही शिकलेली माणसं डोळे मिटून करतात. कुणी सांगितलं? जावेनं. तिला कुणी? बसमध्ये भेटलेल्या बाईनं. त्या बाईला? देवाला ठाऊक. या लोकांना शहाणं करायचं मी मनावर घेतलंय. तीनच प्रश्न शिकवायचे. हे कशावरून? ज्यांनी हा उपाय केला नाही, त्यांचं काय झालं? आणि सांगणाऱ्याचा यात फायदा काय? तीन प्रश्न विचारले की भोंदू माणूस पळालाच म्हणून समज.

हे सगळं कसं रंगवलंय ते मात्र सांगणार नाही. डोकं माझं आहे. साहेबांना आधी पटत नव्हतं, आता तेच सगळीकडे मिरवतात. ऐकशील तेव्हा कळेल.

बुधवारी पहिलाच भाग दम्यावर आहे. शिट्टीसाठी मुद्दाम तोच विषय आधी घेतला. तिच्या छातीच्या आवाजावरून मी ठेवलेलं हे नाव तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण पोरीला आवडतं, आणि मामाला एवढा हक्क असतोच. ऐक हं, चुकवू नकोस.

तुझा,
भोंगा

१२ सप्टेंबर

भोंग्या,

फोन आपटला नव्हता. हातातून सुटला. असं म्हणायचं ठरलंय.

कार्यक्रम ऐकला. शिवणाचं मशीन बंद ठेवून ऐकला, म्हणजे केवढा मान दिला बघ. पडद्यांचं गिऱ्हाईक दारात उभं होतं, तिलाही सांगितलं, बसा जरा, माझा भाऊ बोलतोय. तुझा आवाज अगदी भारदस्त येतो रे. घरी असा कधी बोलला नाहीस. आणि तू सगळ्यांसमोर शिट्टीची आठवण काढलीस, “माझ्या भाचीला दमा आहे,” म्हणालास, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भांडलास, हसलास, पण पोरीचा विचार तुझ्या मनात असतो हे कळलं. मी तुला उगाच बोलले. आता विषय संपला.

एक मात्र विचारते. आईबापांना शहाणं करायचा कार्यक्रम, आणि मध्यंतरात उंची वाढवायच्या पावडरीची जाहिरात? महिन्याभरात पोर बोटभर वाढेल म्हणे. तिला नाही का विचारलंस, कशावरून? की ती पावडर घेऊनच तुझे साहेब एवढे मोठे झाले? माझं काय जातंय म्हणा. ती जाहिरात लागली की मी पायात चपला अडकवते, कारण शाळा सुटायची वेळ झालेली असते.

शिट्टीचं म्हणशील, तर एक नवीन सुरू केलंय. काय ते लिहीत नाही. गुण येऊ दे, मग तूच ये आणि बघ. पोरगी कुरकूर न करता करते, उलट खिदळते. तेल शेजारणीला परत दिलं. खूश?

तुझे भाऊजी म्हणाले, मेहुण्यांना अभिनंदन कळव. गुडघे धरून म्हणाले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लिफ्ट बंद आहे आणि यांचं टेबल चौथ्या मजल्यावर.

ताई

२० सप्टेंबर

ताई,

‘एक नवीन सुरू केलंय’ म्हणजे काय? पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं, मी रेडिओवर बोंबलून सांगतोय की ऊठसूट नवीन काही सुरू करू नका, आणि माझीच बहीण माझाच कार्यक्रम ऐकून उठते आणि नवीन काहीतरी सुरू करते! बाहेर कळलं तर लोक माझ्या तोंडावर हसतील.

कुणी सांगितलं? शेजारणीच्या तेलानंतर आता कुणाचा काढा? की कुणी डोळ्यांत डोळे घालून बघणारा भेटला? तीन प्रश्न विचारलेस का? की ऐकताना मशीनबरोबर डोकंही बंद ठेवलं होतंस? आणि ‘गुण येऊ दे’ म्हणतेस. हवा बदलली की तिची छाती दर वर्षी या दिवसांत बरी असते, हे तुला माहीत नाही? ज्या दिवसांत ती आपोआप बरी असते, तेव्हाच उपाय सुरू करायचा आणि मग उपायालाच हार घालायचे. यावर एक अख्खा भाग करणार आहे मी.

पावडरीबद्दल बोलू नकोस. तिच्यावर माझा पगार होतो.

इकडे कार्यक्रम डोक्यावर घेतलाय लोकांनी. पत्रांचं पोतं भरून येतं. ‘डोळे उघडलेत’, ‘आमचं घर वाचवलंत’. एका बाईंनी तर लिहिलंय, की माझा आवाज ऐकला की त्यांच्या पोराचा ताप उतरतो. म्हटलं, बाई, हे कशावरून? पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या बुधवारी मुलांच्या पायदुखीवर आहे. वाढत्या वयात संध्याकाळी पाय दुखतात ना, त्यावर. मजा आहे. ऐकच. आणि ते जे काही सुरू केलंयस, त्याचं नाव कळव. मुकाट्यानं कळव.

भोंगा

१ ऑक्टोबर

भोंग्या,

अस्सं! म्हणजे माझी परीक्षा चाललीय तर. रेडिओवर तू जसा भोळा चेहरा करून विचारतोस, तसाच पत्रात विचारतोयस. मला काय कळत नाही? तुझ्या बहिणीला अक्कल आहे की नाही ते बघायचंय ना? बघ तर मग. मीही नाव सांगत नाही. घे उत्तरं.

हे कशावरून? सांगणारा माझ्या पूर्ण खात्रीचा आहे, लहानपणापासून ओळखते. आगाऊ आहे, बडबड्या आहे, पण शिट्टीच्या बाबतीत कधी थट्टा करणार नाही. ज्यांनी केला नाही, त्यांचं काय झालं? आमच्या मागच्या घरातलं पोर अजून खोकतंय, ते ऐकू येतं मला. सांगणाऱ्याचा फायदा काय? काही नाही. चहासुद्धा घेत नाही माझ्याकडचा, कारण येतोच कुठे मेला इकडे! झाले तीन प्रश्न? दे मार्क.

आणि ऐक, पोरगी छान आहे. जिने चढते, दोरीवरच्या उड्या मारते. आता तिला कशाचाच टेकू लागत नाही. हवा बदलली म्हणतोस, बदलली असेल. पण मला आईला कळतं.

त्याच माणसाचा दुसरा उपाय तुझ्या भाऊजींच्या गुडघ्यांवरही चालू केलाय. लहान मुलांसाठीचा आहे, पण गुडघा तो गुडघा. हे कुरकूर करतात. यांना कशानेही गुण आला तरी हे ‘नाही’च म्हणणार. कचेरीची सवय.

कार्यक्रम चुकवत नाही. तू चांगलं काम करतोयस. हे एकदाच लिहिणार, म्हणून जपून ठेव.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

सापडला! लहानपणापासून ओळखीचा, आगाऊ, बडबड्या, हल्ली घरी न येणारा. मोठे काका! दुसरं कोण असणार? माझ्या बोटावरचा मस घोड्याच्या शेपटीच्या केसानं बांधणारे तेच ना आपले काका? मस आपोआप गळाला आणि ते वर्षभर गावभर फुशारकी मारत फिरले. आणि त्यांच्या नादी तू लागलीस? शाब्बास गं बाई. तुझी उत्तरं वाचून मी इतका हसलो की साऊंडवाला धावत आला. ‘आईला कळतं’ काय, ‘मागच्या घरातलं पोर खोकतंय’ काय!

राग मानू नकोस, पण इतकं सुंदर पत्र वाया घालवणं मला जमलं नाही. गेल्या बुधवारी कार्यक्रमात ते वाचून दाखवलं. नाव अर्थातच घेतलं नाही, ‘एक शहाणी आई’ एवढंच म्हटलं. आमच्याकडे एक नाटकवाले आहेत, सगळे त्यांना बुवा म्हणतात. त्यांनी ते बाईचा आवाज काढून वाचलं. ‘मला आईला कळतं’ ला तर काचेपलीकडचे सगळे पोट धरून बसले. तू ऐकलंसच असशील, म्हणून आधीच माफी मागतो. हसून घे. तुझ्यामुळे हजारो आया शहाण्या झाल्या.

काकांना म्हणावं, भोंग्यानं ओळखलं. शिट्टीला पापा. तिचा पंप वगैरे चालू असेलच.

भोंगा

४ नोव्हेंबर

श्री. मेहुणे यांस,

हे पत्र मी लिहीत आहे, कारण ती लिहीत नाही. तुमचं मागचं पत्र आल्यापासून तिनं तुमचा कार्यक्रम ऐकलेला नाही. रेडिओ फडताळावर ठेवला आहे, तोंड भिंतीकडे करून.

सोमवारी शाळेच्या जिन्यात मुलीला दम्याचा जोराचा झटका आला. ओठ निळे पडले होते. बाईंनी रिक्षात घालून इस्पितळात नेलं. मी पोचलो तेव्हा तिला ऑक्सिजन लावलेला होता आणि बोलता येत नव्हतं, माझ्याकडे नुसती बघत होती. आता धोका टळला आहे. उद्या-परवा घरी सोडतील. तुम्ही घाबरू नये म्हणून शेवट आधी लिहायला हवा होता, पण मला पत्र लिहायची सवय नाही. कचेरीत नुसते शेरे मारतो.

इस्पितळात असं कळलं, की मुलीचा रोज घ्यायचा पंप तिच्या आईनं सप्टेंबरपासून बंद केला होता. त्याऐवजी मुलगी सकाळी पलंगावरून डोकं खाली सोडून श्वास घेत असे. मला वाटायचं खेळते. हे कुणाच्या सांगण्यावरून केलं असं विचारलं, तर ती रडते. मोठे काका का, असं तुमच्या पत्रावरून विचारलं, तर माझ्या अंगावर ओरडली आणि पुन्हा रडली.

आता एक विचारतो, कारण तुम्ही या विषयातले जाणकार आहात आणि बहुधा हे त्याच माणसाचं काम असावं. महिना झाला, ती रोज रात्री माझ्या डाव्या मोज्यात अर्धा कांदा घालते, सालासकट. उजव्यात नाही. गुडघे होते तसेच आहेत. कचेरीत शेजारच्या टेबलावरच्यांनी बदली मागून घेतली. तिचं मन आधीच दुखावलं आहे, तेव्हा कांदा बंद करावा की चालू ठेवावा, ते कळवावं.

तुमचे,
भाऊजी

७ नोव्हेंबर

ताई,

भाऊजींचं पत्र रेडिओ स्टेशनच्या कॅंटीनमध्ये उघडलं. ‘डाव्या मोज्यात’पर्यंत वाचलं आणि हातातला चहा टेबलावर, माझ्यावर, सगळीकडे. काकांना शिव्या घालायला मी कागद काढून ठेवला होता. तो तसाच राहिला.

डावा मोजा मी काढला, ताई. माझ्या डोक्यातून. आधी नुसतं ‘मोज्यात’ लिहिलं होतं. बुवा म्हणाले, डाव्या लिहा, नेमकं सांगितलं की माणसाला खरं वाटतं. सालासकट हेही माझंच. जगात दुसरं कुणी हे सांगितलेलं नाही.

तुला आता सांगतो, कार्यक्रम कसा असतो ते. दर वेळी पहिल्या अर्ध्यात बुवा प्राध्यापक होऊन येतात आणि एक उपाय सांगतात. तो खोटा असतो, मीच रचलेला. मी मान डोलावतो, ‘वा सर’ म्हणतो, ऐकणाऱ्यांना पुरतं पटू देतो. मग पावडरीची जाहिरात. मग उरलेल्या अर्ध्यात मी तेच तीन प्रश्न विचारतो, प्राध्यापकांची त-त-प-प होते आणि शेवटी ते कबूल करतात, की हे सगळं त्यांनी रात्री अंथरुणात पडून रचलं. लोक आधी फसतात आणि मग आपण कसे फसलो ते त्यांना कळतं. ही माझी ती पद्धत. दम्याच्या भागात शेवटी मी दोनदा बजावलं होतं, की पंप बंद करू नका, जीव जाईल. या शब्दांत! पण तू तेव्हा शाळेच्या वाटेवर होतीस. मला चपलांचं लिहिलं होतंस तू. वाचलं होतं मी. हसलो होतो.

देवाशपथ सांगतो, मला कल्पनाच नव्हती. कुणाला येईल? कार्यक्रम अर्धा ऐकून कुणी उठतं का? दोन पोती पत्रं आली, एकानंही असं लिहिलं नाही. सगळे म्हणतात, फायदा झाला. मग एका तुझ्याच बाबतीत हे का व्हावं?

मी येतो. रविवारची गाडी बघतो. कांदा बंद करायला सांग भाऊजींना.

तुझा भाऊ

१५ नोव्हेंबर

भोंग्या,

येऊ नकोस. आलास तर मी दार उघडीन, तू रडशील, मी चहा करीन आणि सगळं मिटेल. मला ते इतक्यात मिटवायचं नाही.

‘अर्धा ऐकून कुणी उठतं का?’ असं विचारतोस? बाराला शाळा सुटते. कार्यक्रम आईबापांसाठी, मग पोरांना घरी कोण आणतं असं वाटलं तुझ्या साहेबांना? उंचीची पावडर? या गल्लीतली एकूण एक बाई त्या जाहिरातीला चपला घालते. खोटं सगळ्यांना ऐकवलंत आणि खरं कुणाला, तर ज्यांची पोरं शाळेतच जात नाहीत त्यांना.

दोन पोती पत्रं म्हणे. तुझाच प्रश्न तुला विचारते. ज्यांनी पत्र लिहिलं नाही, त्यांचं काय झालं? पोर इस्पितळात असलं की आई रेडिओला पत्र लिहीत नाही रे. मी लिहिलं का? दोन पोत्यांवरून ठरवलंस, की तुझा कार्यक्रम गुणकारी. मग ते शेजारणीचं तेल काय वाईट होतं? त्याच्या बाटलीवरही खुशीची पत्रं छापलेली होती.

आणि बुवांचं ऐकून मी पंप बंद केला असं समजू नकोस. ‘रोज कुबडी दिली की पाय चालायला विसरतो, तशी पंपानं फुप्फुसं आळशी होतात’, हे ते म्हणाले तेव्हा मला पटलं नव्हतं. मी मनात म्हटलं, कशावरून? खरंच म्हटलं. मग तू म्हणालास, “वा सर! माझ्या भाचीला दमा आहे, तिच्या आईला आजच कळवतो.” तेव्हा मी उठले आणि पंप कपाटात टाकला. ओळख ना पाळख, त्या प्राध्यापकावर कोण विश्वास ठेवतंय? तू म्हणालास, म्हणून. शिट्टीला तू तुझ्या नाटकात ओढलंस, टाळी घ्यायला. वर माझं पत्र पुरुषाला बाईचा आवाज काढायला लावून वाचून घेतलंस. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलत आलास, आता ते माझ्या नवऱ्याच्या मोज्यात निघाले.

मी मूर्ख आहे. ते मी या पोरीच्या उशाशी बसून शंभरदा म्हटलंय, तुझ्याकडून ऐकायची गरज नाही. एक गंमत सांगते, तुला हसायला आवडतं ना? डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं, अगदी मायेनं म्हणाल्या, “ताई, रेडिओवर एक चांगला कार्यक्रम लागतो, ‘कशावरून?’. तो ऐकत जा.” मी म्हटलं, हो.

आता कामाचं. शिट्टी पंप घेत नाही. मी हात जोडले, हे ओरडले, डॉक्टरबाईंनी चित्रं काढून दाखवली. ती तोंड घट्ट मिटून बसते. म्हणते, मामा म्हणालाय, पंपानं फुप्फुसं आळशी होतात. हे तिच्या डोक्यात मीच भरलं. दीड-दोन महिने रोज सकाळी सांगत होते, मामानं सांगितलंय हं, मामाला कळवायचंय हं. आता मी उलटं सांगते तर तिला वाटतं, आई घाबरलीय म्हणून खोटं बोलतेय. काल शाळेची पायरी चढताना पुन्हा धाप लागली. पुढचा झटका कधी येईल आणि तेव्हा जवळ कोण असेल, या विचारानं मला झोप नाही.

तुझे ऐकणारे हजारो असतील. माझ्या घरात एक आहे आणि ती फक्त तुझं ऐकते. तिला पत्र लिही. तिला, मला नाही. भारदस्त आवाज काढू नकोस. विनोद केलास तर बघ.

ताई

२१ नोव्हेंबर

प्रिय शिट्टी,

मामा लिहितोय. हे पत्र पाचव्यांदा लिहितोय, आधीची चार फाडली, कारण त्यांत मी फार हुशार होतो.

पंपानं फुप्फुसं आळशी होतात, हे खोटं आहे. ते मी रचलं. लोकांना आधी खोटं सांगायचं आणि मग ते खोटं कसं ओळखायचं ते शिकवायचं, असा माझा कार्यक्रम होता. तुझ्या आईला खोटा भाग ऐकू गेला, खरा गेला नाही. ही तिची चूक नाही. मीच तसा बनवला होता, मला तो फार भारी वाटत होता. पलंगावरून डोकं खाली सोडून काहीही होत नाही, नुसतं तोंड लाल होतं.

तू जिन्यात पडलीस ती माझ्यामुळे. तुझे बाबा म्हणाले, तुला बोलता येत नव्हतं, नुसती बघत होतीस. मी एकटा असलो की मला तेच दिसतं. मला माफ कर असं म्हणणार नाही, तू लहान आहेस, लगेच करशील. पण पंप घे, बाळा. डॉक्टरबाई सांगतील तसा, रोज, बरं वाटत असलं तरी. पाया पडतो तुझ्या.

या बुधवारी मी पहिल्याच वाक्याला सांगून टाकलं, की आता जो उपाय ऐकाल तो खोटा आहे, आणि का खोटा ते आधी सांगतो. तुझ्या आजाराच्या वेळी काय झालं तेही सांगितलं, आणि चूक कुणाची तेही. बुवा रुसले, त्यांना बोलायला काही उरलं नाही. साहेब म्हणाले, सगळी गंमत गेली. गेली तर गेली. वेळही बदलून मागितली आहे, शाळा सुटण्याआधी सगळं संपेल अशी.

तू कळव, पंप घेतेस की नाही. तुझ्या अक्षरात कळव. आईच्या अक्षरात आलं तर मला वाटेल, ती माझं मन राखतेय.

तुझा मामा

१८ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग मला एक शंका आली. आधी तू सांगितलंस पंप वाईट, तेव्हा तू खोटं बोलत होतास. आता सांगतोस पंप चांगला, तर हे खरं कशावरून? आईला विचारलं तर ती हसायला लागली आणि मग डोळे पुसत आत गेली. बाबा म्हणाले, प्रश्न योग्य आहे, पुढे पाठवावा.

मग मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला एक नळी दिली. तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. म्हणाल्या, रोज पंप घे, रोज फुंक, आणि काटा कुठे जातो ते तूच बघ, माझंही ऐकू नकोस. आधी काटा खाली खाली असायचा. आता वर जातो. मी स्वतः बघितलंय. आई म्हणते, एका मुलीवरून काही ठरत नाही असं तू रेडिओवर सांगतोस. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यांनी पुष्कळ मुलं बघितली आहेत, घेणारी आणि न घेणारी. ज्यांनी पंप घेतला नाही त्यांचं काय होतं, हे मला त्यांना विचारावं लागलं नाही. ते मला माहीत आहे.

म्हणून पंप घेते. तू सांगितलंस म्हणून नाही. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

बाबांनी कांदा बंद केला. गुडघे तसेच आहेत, पण शेजारच्या टेबलावरचे काका परत आले. आईने रेडिओचं तोंड इकडे फिरवलंय. म्हणते, कार्यक्रम आता अगदीच कंटाळवाणा झालाय, आणि शेवटपर्यंत ऐकते. तू आलास तरी चालेल, असं तिनं मला लिहायला सांगितलं नाही, पण मी लिहिते.

आणि आल्यावर मला शिट्टी म्हणू नकोस. माझी छाती आता वाजत नाही.

तुझी भाची